ऑगस्टातला ऊस

निपाणी भागातल्या एका मराठी शाळेत नववीचा तास होता. सकाळपासून पालकांच्या ग्रुपवर एक क्लिप फिरत होती. एसटीवर दगड पडताहेत आणि खाली मजकूर: 'कोगनोळी नाक्याजवळ, आत्ताच. मुलांना बसने पाठवू नका.' वर्गातली निम्मी मुलं बसनेच येतात, त्यामुळे ठरलेला पाठ बाजूला ठेवून हीच क्लिप घेतली.

फोन एकच होता. तो फिरवत बसलं की पुढच्या बाकांपलीकडे काही पोचत नाही. म्हणून क्लिप चार ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घेतले, ऑफिसात त्यांच्या प्रिंट काढल्या आणि प्रत्येक गटाला एकेक संच दिला. पहिली दहा मिनिटं इंटरनेट बंद. चित्रात दिसतं तेवढंच लिहायचं, अर्थ लावायचा नाही. हा नियम कडकपणे पाळून घ्यावा लागतो, नाहीतर पहिल्याच ओळीत 'कन्नडवाल्यांनी दगड मारले' येतं. चित्रात दगड मारणाऱ्याची भाषा कुठे दिसते?

एका गटाने नंबरप्लेट वाचली, एमएच 20, आणि निकाल देऊन टाकला: घटना छत्रपती संभाजीनगरची. ही चूक हमखास होते. एसटीची नोंदणी पुष्कळदा बस जिथे बांधली तिथली असते. चिकलठाण्याच्या कार्यशाळेतली बस एमएच 20, दापोडीतली एमएच 12 नाहीतर 14, आणि धावते ती कुठल्याही आगारातून. आगाराचं नाव बसवर असतं, पण या क्लिपमध्ये ते वाचता येत नव्हतं.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने तिसऱ्या चित्राच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "सर, ट्रॉलीत ऊस हाय. ऑगस्टात कुठला कारखाना चालू असतोय?"

खरंच, बसच्या मागे उसाने भरलेली ट्रॉली उभी होती. आमच्याकडे गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी आटोपतो. क्लिप आजची नाही, हे इंटरनेटशिवायच ठरलं.

मग गूगल लेन्स. अख्खा स्क्रीनशॉट टाकला की शोध खालच्या मजकुरावरच भरकटतो. ती पट्टी कापून नुसती बस ठेवायची. मराठीत शोधून काही हाती लागलं नाही. मुलांनी तेच शब्द कन्नडमध्ये टाकले आणि दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली बातमी निघाली, क्लिप तीच. सीमाभागातल्या मुलांकडचं हे भांडवल आपण फारसं वापरतच नाही.

'फॉरवर्डची खूण नव्हती की, सर!' अशी एकाची शंका. क्लिप फोनमध्ये उतरवून नव्याने पाठवली की व्हॉट्सॲपवरची ती बाणांची खूण जाते.

उत्तर लिहिताना बहुतेक गटांनी 'फेक आहे' लिहिलं. ते खोडायला लावलं. बसवर दगड खरोखर पडले होते, फक्त आज नाही. फेक म्हटलं की ज्यांनी ती बातमी तेव्हा पाहिली होती ते लगेच तुटून पडतात. शिवाय क्लिप जुनी निघाली म्हणून आज रस्त्यावर काहीच घडलं नाही, असंही होत नाही. ते वेगळं विचारावं लागतं. मधल्या सुट्टीत आगाराच्या चौकशी खिडकीला फोन लावला. ग्रुपवर गेलं ते एवढंच, मराठीत आणि कन्नडमध्ये: 'क्लिप दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली आहे, बातमीची लिंक सोबत. ठिकाण समजलं नाही. बस चालू असल्याचं आगारातून आज दुपारी सांगितलं.'