नाताळासाठी घरी वाढवलेली दोन डुकरं

माझं सासर सावंतवाडी तालुक्यात, गोव्याच्या हद्दीजवळ. नाताळाला सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मटणाचं आंबट-तिखट कालवण, शिजलं नाही तर सण झाल्यासारखा वाटत नाही, अशी आमची घरं. तरीही आमच्या घरात सात वर्षं डुकराचं मटण आलं नव्हतं. नवऱ्याच्या चुलतभावाला अचानक फिट्स यायला लागल्या आणि स्कॅनमध्ये डोक्यात जंताची गाठ निघाली, तेव्हापासून.

त्याच्या डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. डोक्यातली गाठ थेट मटणातून होत नाही. माणसाच्या पोटात टेपवर्म, म्हणजे पट्टीसारखा लांब जंत, असला की त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातांतून, भाजीतून दुसऱ्याच्या पोटात जातात. मोकाट डुक्कर तीच विष्ठा खातं, त्याच्या मांसात जंताच्या पिल्लांचे दाणे होतात आणि ते मांस कच्चट खाल्लं की माणसाच्या पोटात नवा टेपवर्म वाढतो. माझ्या लहानपणी परसात आडोशाचा संडास आणि त्याच्या मागे डुकरं हे रोजचं दृश्य होतं. डुक्कर घाणेरडं असं सगळे म्हणतात, त्याचा मला राग येतो. आपण पुढ्यात घाण टाकली म्हणून ते घाण खातं. चार भिंतींत ठेवलं, चांगलं खायला घातलं, तर हे चक्र तिथेच तुटतं. म्हणून मी घरीच वाढवायचं ठरवलं.

गोठा दहा फूट बाय आठ फुटांचा केला. कमरेएवढ्या चिऱ्याच्या भिंती, खाली खरबरीत कोबा आणि एका बाजूला उतार. वर पत्रा आणि पत्र्यावर माडाच्या चुडतांचे झाप, कारण डुकराला माणसासारखा घाम येत नाही आणि पत्र्याखाली ते भाजून निघतं. एप्रिलच्या शेवटी दोन महिन्यांची तीन पिल्लं आणली. पांढरी, यॉर्कशायर जातीची, दहा-बारा किलोची. तिन्ही खच्ची केलेले नर घेतले, कारण वयात आलेल्या नराच्या मटणाला उग्र वास मारतो.

पिल्लं आणण्याआधी उताराच्या कोपऱ्यात पाणी ओतून तो ओला करून ठेवायचा, असं मला सांगितलं होतं. मी तसं केलं. पहिल्याच संध्याकाळी तिघं रांगेने त्या कोपऱ्यात गेली, तिथेच शेण-मूत केलं आणि दुसऱ्या टोकाला गवतावर एकमेकांना चिकटून झोपली. शेवटपर्यंत त्यांनी तो कोपरा बदलला नाही. मांय, म्हणजे माझी सासू, रोज कौतुकाने जाऊन बघायची.

खाण्याचं सांगायचं तर भाताच्या गिरणीतला कोंडा, मक्याचा भरडा, शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर मिनरल मिक्श्चर आणि घरचं धुवण, पेज. मे महिन्यात फणसाची सालं. रानअळू मात्र उकडूनच, कच्चं दिलं तर त्यांचीही तोंडं खाजतात. सुरुवातीला मी हॉटेलातलं उरलेलं अन्न आणत होते. सरकारी पशुवैद्यक डॉक्टरांनी ते बंद करायला लावलं. आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा डुकरांचा जीवघेणा साथरोग 2020 साली आसाम-अरुणाचलमध्ये आला, त्याच्यावर उपचार नाही, आणि न उकळलेल्या उष्ट्यातल्या डुकराच्या मांसातून तो पसरतो. साध्या स्वाइन फिव्हरची लस त्यांनीच टोचली.

आता मेमधली गोष्ट. ती सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

विहिरीला पाणी कमी होतं आणि त्या दिवशी पंप बंद पडला. सकाळी घरात सुके बांगडे धुतले होते, ते खारं पाणी मी धुवणाच्या बादलीत ओतलं. मीच ओतलं. ते कोंड्यात कालवून घातलं आणि आम्ही लग्नाला गेलो. पाण्याची कुंडी दुपारीच कोरडी झाली असणार. संध्याकाळी परतल्यावर मांयने आधी विचारलं, "गो, त्येंका पाणी घातलंस?"

सर्वात लहान पिल्लू भिंतीला नाक टेकवून उभं होतं. हाक मारली तरी कान हलेना. मग ते मागे मागे सरकायला लागलं, कुत्र्यासारखं ढुंगणावर बसलं आणि नाकपुडीपासून थरथर सुरू होऊन सगळं अंग ताठलं. मी घाबरून त्याच्यापुढे अख्खी बादली ठेवली. फोनवर डॉक्टर ओरडलेच, "एकदम पाणी नको!" मीठ अंगात साठलेलं असताना भडाभडा पाणी पाजलं तर मेंदूला सूज येते. तांब्या-तांब्याने, थांबून थांबून पाजायचं. बाकी दोघं तसं पाजल्यामुळे वाचली. लहानगं रात्री अकराला गेलं. विष वगैरे काही नव्हतं, नुसतं मीठ आणि कोरडी कुंडी.

पावसाळा त्या मानाने सुरळीत गेला. ओलाव्याने कोंडा खवट होतो आणि खवट कोंड्याला दोघं तोंड लावत नसत, म्हणून आठवड्यापुरताच आणायला लागलो. जंताचं औषध वेळेवर दिलं.

डिसेंबरात टेपने माप घेतलं. छातीचा घेर 1.05 मीटर, कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी 1.15 मीटर. घेराला घेराने गुणायचं, मग लांबीने, मग 69.3 ने. मोठ्याचं वजन 88 किलोच्या आसपास आलं.

कापायचा दिवस मला जड गेला, पण तिथे नसणं मला बरोबर वाटलं नसतं. आदल्या संध्याकाळपासून खाणं बंद, पाणी चालू. गावातले एक वयस्क काका आले. माणसं कमी ठेवली, आरडाओरडा नाही. "जनावर घाबारला की मटान बिघडता," ते म्हणाले. मी कानामागे खाजवत उभी होते, तेवढ्यात त्यांनी कपाळावर एकच घाव घातला आणि शुद्ध गेल्यावर मगच सुरी चालवली. मग केस काढायला पाणी तापवलं. हंड्यातल्या पाण्यात बोट तीनदा पटापट बुडवता यावं आणि चौथ्यांदा बुडवू नये असं वाटावं, ही त्यांची परीक्षा. थर्मामीटर लावला तर 63 अंश. याहून फार गरम झालं की केस कातडीत घट्ट धरतात. सुरीच्या पाठीने केस खरवडल्यावर कातडी दुधासारखी पांढरी निघाली. काकांनी आधी जीभ उलटून पाहिली, मग काळीज आणि हृदय. एकही दाणा नाही.

हाडांसकट 64 किलो भरलं. विकायचं नव्हतंच, नातेवाइकांत वाटलं. दुसरं डुक्कर नणंदेच्या घरी गेलं. काळीज, हृदय आणि मटण बारीक चिरून, माडाच्या व्हिनेगरात सोरपोतेल घातलं आणि तीन दिवस मुरू दिलं. चुलतदीर सान्नां, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या इडल्या, घेऊन जेवायला बसला, तेव्हा मी त्याला काळजाच्या तपासणीचं सगळं सांगितलं. त्याने दोनदा वाढून घेतलं.

जानेवारीत गोठा धुण्याच्या सोड्याने घासला, चुना मारला आणि उन्हाला मोकळा सोडला. पुढची पिल्लं यायची आहेत. या वेळी त्यांच्याआधी चिऱ्याच्या चौथऱ्यावर दोनशे लिटरची टाकी बसवली आहे, तिला तोंडाने दाबून प्यायचे दोन निपल लावले आहेत, आणि मासे धुतलेलं पाणी माडाच्या आळ्यातसुद्धा न टाकता लांब गडग्यापलीकडे ओततो.