राक्षस मरेना

दुपारचं जेवण आटोपलं होतं. हुमण-भात पोटात गेला की माणूस कशालाही हो म्हणतो, हे भाचीला बरोबर माहीत. लॅपटॉप मांडीवर घेऊन ती बल्कांवात, म्हणजे आमच्या ओसरीत, बसली होती. म्हणाली, "मामा, एक माणूस कमी पडतोय. तू ड्वॉर्फ हो."

झालो.

1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला, तेव्हा माणसं टेबलाभोवती बसून फासे टाकत. भाचीचा गट तसलाच खेळ चॅटवर, इंग्रजीत टंकून खेळतो. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, त्याचं बोलणं-वागणं लिहायचं, आणि डीएम, म्हणजे खेळाचा सूत्रधार, सांगेल त्या जंगलात जाऊन मरायचं किंवा जगायचं. आधी सगळ्यांच्या पूर्वकथा वाचायला मिळाल्या. सहांपैकी पाच अनाथ. गाव जळालेलं, आईबाप मारलेले, केस रुपेरी. दोघांच्या डोळ्यांचे रंग वेगवेगळे, एक निळा, एक सोनेरी. या दुरंगी डोळ्यांचं मला का कोण जाणे, वावडं आहे. असं पात्र दिसलं की मी मनातल्या मनात त्याला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवतो.

असं जगावेगळं पात्र रंगवायची खोड जुनीच. 1973 मध्ये पॉला स्मिथ या बाईंनी स्टार ट्रेकच्या चाहत्यांच्या अंकात तिची टर उडवली होती. त्यांच्या गोष्टीतली मेरी सू साडेपंधरा वर्षांची, सगळ्यांत तरुण लेफ्टनंट, सर्वगुणसंपन्न, आणि ती मेल्यावर सगळं जहाज रडतं. तेव्हापासून असल्या पात्राला मेरी सूच म्हणतात. गंमत अशी, की साचा नको म्हणून धडपडणारे सगळे याच एका साच्यातून निघतात.

मी आपला साच्यातला ड्वॉर्फ, म्हणजे बुटका लढवय्या, घेतला. दाढी, कुऱ्हाड, तिरसट स्वभाव. आईबाप जिवंत ठेवले. भाचीनं विचारलं, "आई कशाला?" म्हटलं, वाटेत खायला बांधून कोण देणार?

पहिलाच प्रवेश तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात. या खेळातल्या निम्म्या गोष्टी तिथंच सुरू होतात म्हणे, आणि कोपऱ्यात डोक्यावरून टोपडं ओढलेला एक गूढ इसम बसलेला असतो. आमच्या वाड्यावरच्या तावेर्नात कोपरा वीजखात्याच्या लाईनमननं धरलेला असे आणि गूढ एवढंच, की तो खांबावर चढतो कधी. तेवढ्यात मी गोव्याचा हे कोणाला तरी कळलं. पुढच्या दोन ओळींत माझ्या ड्वॉर्फच्या हातात बाटली आली, तो झिंगला आणि टेबलाखाली पडला. मी काहीच लिहिलं नव्हतं! मी सोलकढीपलीकडे न गेलेला माणूस. भाची चिडली, "दुसऱ्याचं पात्र आपण हलवायचं नसतं." हिंदी सिनेमानं आम्हा गोवेकरांना इतकी वर्षं असंच हलवलं, तेव्हा कुठं कोणी बोललं? गटात पुण्याचाही एक मुलगा आहे. त्याचा एल्फ लढाईच्या मध्येच इतरांचं शुद्धलेखन सुधारतो. त्याला मात्र मी साचा म्हणत नाही, निरीक्षण म्हणतो.

ऑर्क, म्हणजे या खेळातले राक्षस, जन्मजात दुष्ट दाखवायचे नाहीत, असाही त्यांचा नियम आहे. मूळ खेळाच्या 2024 च्या नियमपुस्तकातून तर 'वंश' शब्दच गेला, आता 'प्रजाती' म्हणतात. बरंच झालं. तरी राक्षस म्हटला की मला पेडण्याकडचं आजोळ आठवतं, जत्रेची रात्र आणि दशावतार.

त्याला लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी आख्यान ठरतं, कोण काय होणार ते ठरतं, बाकी सगळं आयत्या वेळी. सामान म्हणजे एक बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर. राक्षस दरवर्षी तसाच आरोळी ठोकत येई, आणि आम्ही पोरं दरवर्षी तेवढीच घाबरून आईच्या लुगड्यात तोंड खुपसत असू. एका वर्षी मात्र राक्षस झालेल्या माणसाची सासुरवाडी पुढच्याच चटईवर येऊन बसली. पहाट होत आली, देवानं गदा हाणली. राक्षस डगमगला आणि उभा राहिला. पुन्हा हाणली, पुन्हा उभा. पखवाजवाल्याचे हात भरून आले. शेवटी देव त्याच्या कानाशी गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं कुजबुजला, "मर रे आता!" राक्षस गरजला, "मला वर मिळालाय!" आई इतकी हसली, की पदरातलं खाजं चटईभर सांडलं.

भाचीच्या गटात असं काही केल्या न मरण्याला गॉडमोडिंग म्हणतात आणि हाकलून देतात. आमच्याकडे त्याला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं. आणि त्या वर्षी, मरायच्या आधी, तो बाकड्यावर क्षणभर नुसताच बसला. आरोळी नाही, काही नाही. लाल-काळा रंग फासलेलं तोंड खाली घालून बसला. मंडप गप्प झाला होता. मग उठला आणि मेला.

हे मी ड्वॉर्फच्या तोंडून लिहायला घेतलं, दोन ओळी लिहिल्या आणि खोडल्या. इंग्रजीत ते बाकडं काही उभं राहीना.

"कित्याक हांसतालो रे मघाशी?" आतल्या खाटेवरून आईनं विचारलं. ती आता ऐंशी पार आहे, दुपारी झोपते असं आम्ही समजतो. म्हटलं, तो राक्षस आठवला, पेडण्याचा.

जरा वेळानं आतून आवाज आला, "मेलो मरे तो?"

"अजून ना," मी म्हटलं, आणि पंखा वाढवायला उठलो.