अर्धवट कादंबरीत पुन्हा शिरताना

‘कादंबरी कुठवर आली?’ हा प्रश्न लिहिणाऱ्या माणसाला अधूनमधून विचारला जातो आणि त्याचे सर्वांत सोयीचे उत्तर आकड्यात देता येते. इतके हजार शब्द झाले, इतकी प्रकरणे झाली, निम्मी झाली असावी, असे काहीतरी सांगितले की विचारणाऱ्याचे समाधान होते आणि सांगणाऱ्यालाही थोडा धीर येतो. मीही असेच सांगते. परंतु एका लांबत चाललेल्या कादंबरीच्या खर्ड्यावर काम करता करता माझे असे मत बनत गेले आहे की कादंबऱ्या अर्धवट राहतात त्या बहुधा लिहिणाऱ्याचा मजकुराशी असलेला संबंध तुटल्यामुळे. काही कारणाने तो दूर जातो आणि परत आल्यावर आत शिरण्याची वाट त्याला सापडत नाही. म्हणून लेखनाच्या कोणत्याही सवयीबद्दल मी आता एवढेच पाहते की तिच्यामुळे उद्या मजकुराकडे परतणे सोपे होणार आहे की अवघड.

शब्द मोजण्याच्या शिस्तीचा विषय निघाला की अँथनी ट्रॉलप या इंग्रज कादंबरीकाराचे नाव हमखास निघते. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून त्याने कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहिल्या, त्यांची एकूण संख्या ४७ भरली, आणि त्या कशा लिहिल्या हे त्याने आपल्या आत्मचरित्रात कसलाही आडपडदा न ठेवता सांगितले. हे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली प्रसिद्ध झाले. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे, घड्याळ समोर ठेवायचे आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द या गतीने लिहायचे असा त्याचा नेम होता. रोज किती पाने झाली याची तो वहीत नोंद ठेवी, म्हणजे आळसात गेलेला दिवस त्या वहीतून त्याच्याकडे पाहत राही. हा हिशेब आजवर असंख्य वेळा उद्धृत झाला आहे. त्याच वर्णनात ट्रॉलप असेही सांगतो की बैठकीचा पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशी लिहिलेले वाचण्यात घालवी, आणि हे वाचन मुख्यतः शब्दांचा व वाक्यांचा नाद कानाने तोलण्यासाठी असे. या अर्ध्या तासाची आठवण मात्र फारसे कोणी काढत नाही. माझ्या मते त्याच्या यशाचे गमक घड्याळापेक्षा याच अर्ध्या तासात होते, कारण तो कान लागल्यावाचून पुढचे अडीचशे शब्द त्याच कादंबरीतले ठरले नसते.

अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेबद्दलही असेच म्हणता येईल. १९५८ साली ‘पॅरिस रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्याची जी मुलाखत आली तिच्यात भिंतीशी लावलेल्या एका पुठ्ठ्यावरच्या तक्त्याचा उल्लेख आहे. रोजचे शब्द तो त्या तक्त्यावर मांडत असे: ४५०, ५७५, ४६२, १२५०, पुन्हा ५१२. आपण स्वतःलाच फसवू नये म्हणून हा खटाटोप होता. त्याच मुलाखतीत तो सांगतो की रोज सकाळी आधीचे लिहिलेले वाचत यावे आणि पुढे काय घडणार हे ठाऊक असताना, अंगात थोडी शक्ती शिल्लक असतानाच थांबावे. या दोन लेखकांच्या गद्यात साम्य शोधूनही सापडणार नाही. तरीही दोघांनीही आकड्याच्या जोडीला परत येण्याची काहीतरी व्यवस्था करून ठेवलेली दिसते.

ही व्यवस्था इतकी आवश्यक का असते, हे समजण्यासाठी खंड पडल्यावर आपण नेमके काय विसरतो ते पाहावे लागते. कथानक आपण सहसा विसरत नाही. कोण कोणाला सोडून गेले, पत्र कोणाच्या हाती पडले, हे लक्षात असते आणि नसले तरी दहा मिनिटांत वाचून कळते. विसरायला होतो तो निवेदकाचा स्वर. तो पात्राच्या किती जवळ उभा आहे, त्याला पात्राची कीव येते की राग, तो किती सांगतो आणि काय हातचे राखून ठेवतो, हे सारे विसरले जाते. या टप्प्यावर कोणत्या पात्राला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हेही निसटते. एखादा प्रसंग आपण मुद्दाम गाळला होता त्यामागचे कारण आठवत नाही आणि मग तोच प्रसंग पुन्हा लिहिण्याचा मोह होतो. वाक्यांची लांबी बदलते. माझ्या खर्ड्यात सातव्या प्रकरणानंतर निवेदक एकाएकी अधिक शहाणा झाल्यासारखा बोलू लागतो, आणि त्याचे कारण कथेत कुठेही नाही. तिथे मधे बराच काळ गेलेला आहे, इतकेच.

आत शिरणे कठीण झाले की माणूस जिथून सहज शिरता येते तिथून शिरतो, आणि अशी जागा म्हणजे पहिले प्रकरण. पुष्कळ अपूर्ण हस्तलिखितांचे पहिले प्रकरण लखलखीत असते, दुसरे बरे असते आणि पाचव्यापासून पुढे नुसती टिपणे असतात, हे लेखनगटांत बसलेल्या कोणालाही परिचित असेल. पहिल्या प्रकरणावर हात फिरवताना काम होत असल्याचे समाधानही मिळते, आणि म्हणूनच हा मार्ग नुसत्या टाळाटाळीपेक्षा अधिक फसवा आहे.

बैठक संपवताना मी मजकुराखाली चार-पाच ओळी लिहून ठेवते. त्यांत झालेल्या गोष्टींचा सारांश नसतो, कारण झालेले वरती लिहिलेलेच असते. मी पुढे काय करणार होते, ते का करणार होते आणि कोणत्या बाबतीत माझा निर्णय झालेला नाही, एवढेच त्या ओळींत असते. ‘ती दार उघडते, पण त्याला ओळखत नाही असे दाखवते; हे नाटक तिच्या बहिणीला कळले की नाही ते अजून ठरलेले नाही’ अशा स्वरूपाची ती नोंद असते. निर्णय न झालेली गोष्ट नोंदवणे विशेष उपयोगी पडते, कारण दुसऱ्या दिवशी बसल्याबरोबर हाताला एक प्रश्न लागतो आणि कोरे पान पाहण्याऐवजी उत्तर शोधण्यापासून सुरुवात करता येते. जिथे माहिती तपासायची आहे तिथे न थांबता एक ठरावीक खूण टाकून पुढे जावे, हा अनेकांचा रिवाजही याच जातीचा आहे. (पूर्ण झालेल्या कामापेक्षा अपुरे काम अधिक लक्षात राहते, असे मानसशास्त्रज्ञ ब्ल्यूमा झाइगार्निक यांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आढळले होते आणि वाक्य मध्येच तोडून उठावे या सल्ल्याला तो आधार म्हणून नेहमी दिला जातो. नंतरच्या प्रयोगांत मात्र तसे निष्कर्ष सातत्याने मिळालेले नाहीत. माझा भरवसा स्मरणशक्तीपेक्षा त्या चार ओळींवरच अधिक आहे.)

अमेरिकन कादंबरीकार स्टाइनबेकने ही पद्धत पराकोटीला नेली. ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ लिहिताना, १९३८ च्या उन्हाळ्यापासून शरद ऋतूपर्यंत, त्याने एक स्वतंत्र रोजनिशी चालवली होती आणि तीत येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांबद्दलची कुरकुर, स्वतःच्या आळसाबद्दलचा संताप आणि आपल्या कुवतीबद्दलची शंका सारखी डोकावते. १९५१ साली ‘ईस्ट ऑफ ईडन’च्या वेळी त्याने आणखी वेगळी रीत काढली. एका मोठ्या वहीच्या डाव्या पानावर तो आपल्या संपादकाला, पास्कल कोविची यांना उद्देशून पत्र लिही आणि उजव्या पानावर कादंबरी. पत्र लिहिता लिहिता हात सैल होई, आजचा प्रसंग कशासाठी आहे हे स्वतःलाच सांगून होई आणि मग तो उजवीकडे वळे. त्या पत्रांत ‘आज प्रेरणा नाही’ असे वाटायला लावणारे दिवस भरपूर आहेत. फरक एवढाच की अशा दिवशीही त्याला मजकुरापासून फक्त एका पानाचे अंतर ओलांडायचे असे.

नोव्हेंबरच्या तीस दिवसांत ५०,००० शब्द लिहिण्याचा जो उपक्रम १९९९ साली अमेरिकेत सुरू झाला आणि पुढे ‘नॅनोरायमो’ या नावाने जगभर पसरला, त्याबद्दल माझे मत संमिश्र आहे. त्याची संस्था बंद होत असल्याचे २०२५ साली जाहीर झाले, पण रोज सरासरी १,६६७ शब्द हे त्याचे गणित आता लिहिणाऱ्यांच्या अंगवळणी पडले आहे. त्या गणिताचा खरा फायदा असा की महिनाभर खंडच पडत नाही. परत शिरण्याचा प्रश्न उद्भवतच नाही आणि त्यामुळे एरवी जो पल्ला अशक्य वाटतो तो पार होतो. अडचण डिसेंबरात सुरू होते, कारण अखंड धावण्याची सवय लागलेल्या माणसाला थांबून परत येण्याची सवय लागलेली नसते. एकही दिवस न चुकवता रोज लिहिण्याच्या साखळीचेही तसेच आहे. साखळी टिकते तोवर ती बळ देते, पण एक दिवस चुकला की तिच्यावर अवलंबून असलेला माणूस आठवडाभर फिरकत नाही. शिवाय इंग्रजीतले हे आकडे मराठीत जसेच्या तसे घेणे योग्य नाही. आपल्याकडे विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जात असल्यामुळे तेवढाच मजकूर कमी शब्दांत मावतो, आणि १,६६७ मराठी शब्द म्हणजे त्या उपक्रमाने अपेक्षिलेल्या कामापेक्षा बरेच अधिक काम ठरते.

पुनर्लेखनाच्या टप्प्यावर तर शब्दसंख्या उलटीच चालू लागते. ज्या दिवशी एक अख्खे उपकथानक काढून टाकले जाते, तो दिवस तक्त्यावर उणे दिसतो आणि कादंबरीच्या दृष्टीने तो महिन्यातला सर्वांत मोलाचा दिवस असू शकतो. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरला ‘मादाम बोव्हारी’ लिहायला १८५१ ते १८५६ अशी सुमारे पाच वर्षे लागली. त्या काळातल्या त्याच्या पत्रांत एखादे पान जमवण्यासाठी गेलेल्या दिवसांच्या तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. अशा कामाला शब्दांचे माप लावणे निरर्थक आहे. या टप्प्यावर मी शब्दांऐवजी निर्णय नोंदवते. आज काय ठरले, ते एका वाक्यात लिहिता आले तर काम पुढे गेले असे समजते. ‘निवेदक शेवटपर्यंत घरात जाणार नाही’ हा अशा दिवसाचा संपूर्ण जमाखर्च असू शकतो.

बाहेरून येणारा तगादाही मजकुराशी असलेला संबंध टिकवून धरतो. दोस्तोयेव्स्कीने १८६६ साली प्रकाशक स्तेलोव्स्की याच्याशी केलेल्या जाचक कराराच्या धाकाने ‘द गॅम्बलर’ ही कादंबरी २६ दिवसांत लघुलेखिकेला सांगून पुरी केली, ही हकिकत प्रसिद्ध आहे. ठरलेल्या तारखेला हस्तलिखित दिले नसते तर पुढची नऊ वर्षे त्याचे लेखन मोबदला न देता छापण्याचा हक्क त्या प्रकाशकाला मिळणार होता. अशा धाकाचे मला आकर्षण वाटत नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केल्यावर त्यात क्रमशः कादंबऱ्या लिहिल्या, ती व्यवस्था मला अधिक मानवी वाटते. पुढचा अंक दारात उभा असला की लेखकाला पात्रांपासून फार लांब जाता येत नाही आणि मागचा धागा वाचकांनीही धरून ठेवलेला असतो. आजच्या लेखनगटांनी हे काम करावे असे मला वाटते. पहिल्या खर्ड्यावर अभिप्राय देण्याची घाई करण्यापेक्षा ‘पुढचे प्रकरण कधी वाचायला मिळेल?’ असे विचारणारा गट अधिक उपकारक असतो. कच्च्या प्रकरणावरचे मत, मग ते स्तुतीचे का असेना, लिहिणाऱ्याला मजकुरातून बाहेर काढून वाचकाच्या खुर्चीत बसवते.

राहता राहिला लिहावेसे न वाटण्याचा प्रश्न. ही नावड दोन प्रकारची असते आणि दोन्हींवर एकच औषध दिल्याने घोटाळा होतो. कधी कधी मजकूरच अडलेला असतो. टॉल्किन ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना कथेतल्या मोरियाच्या भुयारात, बालिनच्या थडग्यापाशी येऊन थांबला आणि तिथून पुढे जायला त्याला जवळजवळ एक वर्ष लागले, असे त्यानेच दुसऱ्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात नोंदवले आहे. दुसरा प्रकार निव्वळ अंतर पडल्याचा असतो. दोहोंतला भेद ओळखण्यासाठी मी एक साधी चाचणी करते: कादंबरीतला पुढचा कुठलाही दुसरा प्रसंग लिहावासा वाटतो का? वाटत असेल तर दोष समोरच्या प्रसंगात आहे आणि तो बाजूला ठेवून किंवा त्याची मांडणी बदलून पाहावी. एकही प्रसंग खुणावत नसेल तर संबंध तुटलेला आहे आणि तिथे मांडणीवर डोके खपवण्यात अर्थ नाही.

असा संबंध तुटून काही महिने लोटले असतील तर पहिल्या पानापासून वाचत येणे मी टाळते, कारण वाटेत दुरुस्त्यांचा मोह होतो आणि शेवटच्या पानापर्यंत पोहोचायच्या आत उत्साह संपतो. मी शेवटचे पूर्ण झालेले प्रकरण तेवढे वाचते आणि त्यातली अखेरची दोन पाने हाताने उतरवून काढते. लिहून काढताना वाक्यांची लय पुन्हा बोटांत येते; ती डोळ्यांनी वाचून तितकी येत नाही. त्यानंतर त्याच पात्रांचा एक छोटा, कथानकाला न लागणारा प्रसंग लिहिते, ज्यात ती काहीतरी क्षुल्लक कारणावरून वाद घालत असतात किंवा कोणाची तरी वाट पाहत असतात. हा प्रसंग बहुतेक वेळा अंतिम खर्ड्यात राहत नाही, पण तो लिहून होईस्तोवर निवेदक कोणत्या आवाजात बोलत होता ते आठवलेले असते आणि अडलेले प्रकरण तिथून पुढे सुरू करता येते.