लार्पमध्ये कथानक कुणाकडे जातं?

आजचा खेळ संपल्यावर पुन्हा तीच तक्रार: "दिवसभर उभे होतो, कथानक आमच्याकडे आलंच नाही." लार्पमध्ये, म्हणजे पात्र बनून प्रत्यक्ष वावरत खेळायच्या खेळात, ते आपण होऊन फारसं येत नाही. चार-पाच सूत्रधार (कथा लिहून खेळ चालवणारे) आणि पन्नास खेळाडू असले, की धागे आधी जातात ते लक्षात राहिलेल्या पात्रांकडे.

म्हणून पूर्वकथा एका पानात बसवा. दहा पानी वंशावळ कुणी वाचत नाही (लिहिणाराही दुसऱ्यांदा वाचत नसावा). पात्राला आत्ता काय हवंय, ते कुणाचं देणं लागतं आणि कोणतं गुपित फुटू शकतं, एवढं हवंच. "आईवडील वारले, एकटाच भटकतो" अशा पात्राला सूत्रधार पकडणार कुठे? भाऊ जिवंत ठेवा, म्हणजे त्याला पळवून नेता येईल.

दोन-तीन खेळाडूंशी आधीच नाती ठरवा, त्यातलं निदान एक भांडणाचं.

प्रत्यक्ष खेळात धागे मरतात ते खिशात. चिठ्ठी सापडते, माणूस ती जपून ठेवतो, आणि विषय संपतो. ती मोठ्याने वाचा, नको त्या माणसाला दाखवा. गुपित फुटलं तरच दहा जणांना काम मिळतं. एनपीसी (सूत्रधारांच्या वतीने पात्र करणारा माणूस) दिसला की नाव विचारा, काम मागा; त्याला बहुतेक वेळा बोलायलाच पाठवलेलं असतं. लढाई संपताच तंबूकडे पळू नका, सौदे आणि आरोप तेव्हाच सुरू होतात.

पात्राने काय केलं आणि पुढे काय करणार, हे चार ओळींत, खेळ संपल्यावर दोन दिवसांच्या आत सूत्रधारांना कळवा. पुढच्या भागाचं लिखाण सुरू झाल्यावर पाठवलेल्या ओळी सहसा वाया जातात.