पहिलं सेशन

आज एकदाची समुपदेशक बाईंकडे गेले. म्हापशाहून शटल पकडून पणजीला उतरले. वेळ हाताशी होता म्हणून जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाच्या पुतळ्यापाशी थांबले. 1756 साली कांदोळीत जन्मलेला हा संमोहनवाला पाद्री, आणि त्याच्यासमोर कोसळणारी ती बाई. म्हटलं, आपलंही आता असंच होणार की काय!

तसलं काहीच नव्हतं. दोन वेताच्या खुर्च्या, कुरकुरणारा पंखा आणि टिश्यूचा डबा (तो बघूनच मला राग आला). आधी नुसती विचारपूस: झोप कशी, भूक लागते का, औषधं कुठली चालू आहेत. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, पण कुणाच्या जिवाला धोका वाटला तर सांगावं लागेल, हेही समुपदेशक बाईंनी स्पष्ट केलं. गोळ्या त्या देत नाहीत, ते काम मनोविकारतज्ज्ञाचं.

"मी काय करू ते सांगा ना," असं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उलट प्रश्नच आला. पैसे मोजून प्रश्न विकत घ्यायचे! पण आईच्या आजारपणाचं सांगता सांगता मी गप्प झाले, तेव्हा त्याही गप्प राहिल्या. घरी अशा वेळी लगेच कुणीतरी "चहा टाकू?" म्हणतं.

50 मिनिटांनी हलकं वगैरे काही वाटलं नाही. उलट पर्वरी येईपर्यंत डोकं जड. रात्री जाग आली की मनात काय होतं ते वहीत लिहायचंय. पुढची वेळ बुधवारची.

घरी दातांच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलं होतं. आता कळेलच.