तुमच्या घरात कोणी पीत नाही, मग तुम्ही कशाला?

गावातलं दारूचं दुकान बंद करायला मी का फिरले, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एकदाच काय ते सांगून टाकते, म्हणजे माप घेताना तोंडात टाचण्या धरून दरवेळी उत्तर द्यायला नको.

प्रश्न एकच असतो, विचारणारे निरनिराळे. ब्लाउज शिवायला आलेल्या म्हाताऱ्या म्हणतात, "तुझ्या घरात कोण पीत न्हाई, मग तुला कशाला पायजे ह्यो कुटाणा?" पुण्याची नणंद म्हणते, "वहिनी, एवढी उठाठेव करून तुला मिळालं काय?" आणि ज्यांचं घर दारूनं खरंच बसलंय ते काहीच विचारत नाहीत, नुसते बघतात. त्या बघण्याचा मला जास्त त्रास होतो.

आमच्या घरात कोणी पीत नाही, हे खरं. नवरा एसटीत चालक होता. त्यानं आयुष्यात थेंब घेतला नाही. म्हणजे मी दुखावलेली बायको नाही, आणि लोकांना नेमकं तेच पचत नाही. नवऱ्याचा मार खाल्लेली बाई आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दुकान बंद करायच्या मतदानासाठी, फिरली तर "बिचारी" म्हणतात. मी फिरले तर "हिला सरपंच व्हायचंय" म्हणतात.

मी यात का पडले ते ऐका. सरकारमान्य देशी दारूचं ते दुकान आधी हायवेला होतं. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हायवेपासून 500 मीटरच्या आतली दुकानं उठवायला सांगितली. 20,000 पर्यंत लोकवस्ती असलेल्या ठिकाणी ते अंतर नंतर 220 मीटर केलं. कागदावर निर्णय चांगलाच. पण हायवेवरून उठलेलं दुकान हवेत थोडंच विरणार? ते गावात शिरलं, एसटी स्टँडवरून शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आणि शिरलं ते ग्रामसभेचा ठराव घेऊन.

हे आम्हाला कळलं पुढच्या ग्रामसभेत. विषय क्रमांक एक नेहमीचाच: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ग्रामसेवक भराभर वाचत होते. सूचक हे, अनुमोदक ते, ना हरकत देण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर. मी उठून विचारलं, कुठल्या सभेत? तर म्हणे तहकूब सभेत. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, 15 टक्के मतदार किंवा 100, जे कमी असेल ते. माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्ती लागत नाही. मग पारावरची दहा-पंधरा माणसं गाव होतात. हजेरीच्या वहीत माझ्या जावेची सही होती. शिपाई वही घेऊन घरी आला होता, तिला वाटलं रेशनचं काही असेल.

तर माझं उत्तर एवढंच आहे. ते दुकान माझ्याही मतानं आलं असं पंचायतीच्या वहीत लिहिलंय, आणि मला ते खोडायचं होतं. घरात कोण पितं आणि कोण नाही, त्याचा इथे संबंध काय?

आमचा धाकटा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्यानं मला नागरिकांच्या कर्तव्यांचं कलम पाठ म्हणून दाखवलं. कलम 51-क, 42वी घटनादुरुस्ती, 1976. आधी दहा कर्तव्यं, 2002 मध्ये अकरावं. मी विचारलं, यात मतदान कितवं? तर नाहीच. कर भरणंही नाही, कर्तव्यं सुचवणाऱ्या समितीनं सांगितलं होतं तरी घेतलं नाही. ग्रामसभेत बसावं, वहीत सही करण्याआधी वाचावं, हे तर लांबच. आणि साल बघा कुठलं. आणीबाणीत लोकांचे हक्क गुंडाळून ठेवले होते तेव्हा कर्तव्यांची यादी आली. मुलगा म्हणाला, आई, हे उत्तरात लिहिलं तर मार्क जातील.

असो. आडव्या बाटलीचा कायदा तुम्हाला माहीत असेल, तरी त्यातली एक गोष्ट सांगते, कारण सगळं तिथंच अडलं. दुकान बंद करा म्हणून पंचवीस टक्के बायकांच्या सह्या झाल्या, उत्पादन शुल्कवाल्यांनी एकेकीला बोलावून त्या पडताळल्या, तहसील कार्यालयानं मतदान लावलं. चिठ्ठीवर एक बाटली उभी, एक आडवी; उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पण दुकान बंद व्हायला आलेल्या मतांतली निम्मी पुरत नाहीत. यादीत जेवढ्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त आडव्या लागतात. जी आली नाही ती उभ्या बाटलीत मोजली जाते. मेलेली बाई, लग्न होऊन गेलेली लेक, मुंबईला घरकामाला गेलेली सून, सगळ्यांची मतं दुकानाला.

आमच्या यादीत 1,200 च्या आसपास नावं. सकाळी शाळेसमोर रांग लागली तेव्हा मला वाटलं, झालं काम. दुपारी रांग आटली. दुकानाचा मालक आला नव्हता, त्याला यायची गरजच नव्हती. फाटकासमोरच्या वडाखाली दुकानात कामाला असलेली दोन पोरं खुर्च्या टाकून बसली होती. बोलत काही नव्हती. कोण आत जातं तेवढं बघत होती.

त्या दोघांतल्या एकाची बायको माझ्या शेजारच्या आळीतली. सह्यांच्या वेळी ती आपणहून आली होती. पडताळणीलाही आली होती, साहेबानं विचारल्यावर मान खाली न घालता "व्हय, माझीच सही" म्हणाली होती. मतदानाच्या दिवशी चारच्या सुमाराला ती रस्त्याच्या पलीकडे गिरणीत दिसली, दळणाचा डबा घेऊन. दळण झालं, डबा भरला, तरी ती गिरणीच्या पायरीवर उभीच. एकदा फाटकाकडे बघायची, एकदा वडाखाली.

मी रस्ता ओलांडून गेले. म्हटलं, चल. डबा मी धरते, दोन मिनिटांचं काम, आत कोण बघणार आहे?

ती म्हणाली, "काकी, आत कोण बघत न्हाई. आत गेल्यालं बघत्यात."

मी तिला ऐकवलं. आता लपवून काय करू? म्हटलं, सही केलीस ती काय शोभेला? तुझ्यासारख्या दहाजणी मागे सरल्या की आमची एवढी पायपीट पाण्यात. तिनं डबा डोक्यावर घेतला. झाकण नीट बसलं नव्हतं, पीठ तिच्या कपाळावर आलं, तिनं ते पुसलंही नाही. "तुमचा मालक येष्टीत हाय," एवढंच म्हणाली आणि आळीकडे वळली. मी तिथंच उभी राहिले. गिरणीवाला पट्टा बंद करून माझ्याकडे बघत होता.

संध्याकाळी मोजणी झाली. आलेल्या मतांत पाचातल्या चार बायकांनी बाटली आडवी केली होती. तरी आम्ही हरलो. साठ-सत्तर मतं कमी पडली. वडाखाली फटाक्यांची माळ लागली.

तेव्हाची मी म्हणायची, लोकशाही अशा बायकांनीच बुडवली. हक्क पाहिजे, फुकटचं पाहिजे, आणि वेळ आली की गिरणीच्या पायरीवर. आजची मी म्हणते, बाई, तुझ्या नवऱ्याचा पगार सरकार देत होतं, तिच्या नवऱ्याचा दुकानदार. तू रस्ता ओलांडलास तेव्हा तुझं काय जाणार होतं? दोन ब्लाउज उशिरा शिवून झाले असते. कर्तव्य सगळ्यांचं सारखं म्हणायचं आणि त्याची किंमत एकीला दोन मिनिटं, दुसरीला घरची चूल, असं कसं चालेल?

पण हेही पुरतं पटत नाही हो. कारण तेव्हाची मी लगेच उलटून विचारते, मग ज्यांना काहीच भरायचं नव्हतं त्या कुठे होत्या? मास्तरांच्या बायका, सोसायटीच्या चेअरमनांच्या घरच्या, बंगल्यातल्या. त्यांना कोणी वडाखालून बघत नव्हतं. त्या आल्या नाहीत, कारण त्यांच्या घरातही कोणी पीत नाही. त्यांच्यावर मला आजही राग आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

नणंदेचा मुलगा म्हणतो, मामी, चंद्रपूर बघ. 2015 मध्ये जिल्ह्यात बंदी केली, 2021 मध्ये उठवली, मधल्या काळात चोरटी दारू वाहिली. खरं आहे. आमचं दुकान बंद झालं असतं तर ओढ्याकाठी हातभट्टी लागली असती, हेही शक्य आहे. कोणी काय प्यावं हे ठरवणारी मी कोण, हा प्रश्नही रास्त आहे, माझ्याकडे त्याचं धड उत्तर नाही. पण गावाला न विचारता गावाच्या नावानं ठराव करणारे ते तरी कोण, हे मात्र मला कोणी समजावून देत नाही.

दुकान चालू आहे. ती बाई माझ्याकडे शिवायला येते, गिरणीचा विषय दोघीही काढत नाही. मी सध्या मतदार यादी घेऊन बसते. मयत, लग्न होऊन गेलेल्या, कायमच्या बाहेर राहणाऱ्या, अशांची नावं कमी करायला नमुना 7 भरावा लागतो. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या, अंगणवाडीच्या ताई मदत करतात. घरोघर जाऊन विचारायचं, तुमच्याकडे कोण गेलं, कोण कुठे असतं. परवा एका सासूबाईंनी मला उंबऱ्यावरूनच परत लावलं. "सुनंला जाऊन वरीस झालं न्हाई, आणि तू तिचं नाव खोडाया आलीस?" त्या घरी मी दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहे. तोवर पलीकडची आळी बाकी आहे.