भिंतीची कामं

८ एप्रिल

दार उघडलं की हॉल, जेवणाचं टेबल आणि ओटा एकाच नजरेत. पर्वरी, ताळगाव, फातोर्डा, जिथे नवी इमारत उभी राहते तिथे आता हाच आराखडा. गोव्याच्या हवेला तो मानवतोही. गॅलरीतून आलेला वारा मागच्या खिडकीतून निघून जातो, घर कोंदत नाही. पण हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली पाडलेली भिंत नुसती उभी नव्हती. ती तळणीचा वास अडवायची, मिक्सरचा आवाज दाबायची, स्विचबोर्ड अंगावर घ्यायची, कपाटाची पाठ झाकायची, कॅलेंडरला खिळा द्यायची. भिंत गेली की ही सगळी कामं कुणाला तरी वाटून द्यावी लागतात. मोकळं घर सजवणं म्हणजे माझ्या लेखी हीच वाटणी. रंग, कुशन, कुंड्या त्यानंतर.

आणि भिंत कोणती, ते आधी. फ्लॅटमध्ये साडेचार इंची विटांची भिंत बहुधा खांब-तुळयांच्या मध्ये नुसती भरलेली असते. अलीकडे काही इमारतींत आतल्या भिंतीही काँक्रीटच्या ओततात, त्यांना हात लावायचा नाही. जुन्या चिऱ्यांच्या घरात तर भिंतच खांब. वाश्यांचं आणि कौलांचं ओझं तिच्यावर बसलेलं. तिथे रुंद वाट काढायची तर आधी वरचा भार टेकूंवर घ्यायचा, लोखंडी किंवा काँक्रीटची तुळई दोन्ही टोकांना पुरेशी बैठक देऊन बसवायची, आणि मगच खालचे चिरे काढायचे. हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने कागदावर लिहून दिल्याशिवाय गवंड्याच्या भरवशावर करू नये. जुन्या घरांनी मोकळेपणा भिंती पाडून मिळवलाच नव्हता. मधोमध राजांगण उघडं ठेवून चारी बाजूंच्या खोल्यांना त्यांनी वारा आणि उजेड पुरवला.

११ एप्रिल

फर्निचर कागदावर मांडू नये, जमिनीवर मांडावं. मास्किंग टेपने सोफा, टीपॉय, टेबल यांचे आकार जमिनीवर चिकटवायचे आणि दोन दिवस त्यांच्यामधून ये-जा करायची. टेपवर पाय पडला तिथे फर्निचर अडणार.

मुख्य वाटेला ३ फूट. दारापासून ओट्यापर्यंतची ही वाट सोफा आणि टीव्हीच्या मधून जाऊ देऊ नये. मोकळ्या हॉलमधली सर्रास चूक हीच. सोफा आणि टीपॉय यांत १६ ते १८ इंच. जेवायला माणशी २४ इंच. टेबलाच्या कडेपासून मागे ३ फूट सोडले तर खुर्ची ओढून उठता येतं, पण मागून वाढायला कुणी जाणार असेल तर ४ लागतात. ओटा आणि समोरचा काउंटर यांत साडेतीन फूट. त्याहून कमी असेल तर खालचा खण उघडल्यावर दुसऱ्याला उभं राहता येत नाही. काउंटरवर बसून खायचं असेल तर ३४-३६ इंची काउंटरला २४ इंची स्टूल, ४२ इंचीला ३० इंची, आणि गुडघ्यांसाठी पुढे आलेला १२ इंच ग्रॅनाइट. इतका पुढे आला की त्याला खालून ब्रॅकेट हवाच.

सोफ्याची पाठ आता भिंतीची जागा घेते. बऱ्याच तयार सोफ्यांना मागे नुसतं काळं कापड स्टेपल केलेलं असतं. दुकानात सोफा फिरवून बघावा, पाठही त्याच कापडाने मढवून मागावी. पाठीमागे १२ इंच खोलीचं, पाठीपेक्षा बोटभर बुटकं अरुंद टेबल बसलं की दिव्याला, चाव्यांना जागा होते आणि बैठक वेगळी झाल्यासारखी वाटते. दोन्हीकडून उघडी मांडणी ठेवायची तर साडेचार फुटांच्या वर नेऊ नये, वारा अडतो. ती जमिनीला पक्की हवी. लहान मुलं हमखास चढतात. वेताच्या जाळीचं किंवा जुन्या शिंपल्यांच्या खिडक्यांचं पार्टिशन सुरेख दिसतं. शिंपला उजेड गाळून देतो, पण हवा जाऊ देत नाही. म्हणून ते वाऱ्याच्या वाटेत आडवं नको, वाटेला समांतर हवं.

१५ एप्रिल

फरशी बसायच्या आधीची शेवटची संधी. बैठक हॉलच्या मधोमध आली तर दिव्याची आणि चार्जरची वायर कुठून येणार? सोफ्याखाली येईल अशा जागी २५ मिमीचा पाइप आत्ताच टाकून वर फ्लोअर बॉक्स, म्हणजे जमिनीतला प्लग. चालण्याच्या वाटेत नको. लादी पुसताना पाणी आत जातं. दिव्यांची बटणं दारापाशी आणि बेडरूमकडे वळताना, दोन्ही ठिकाणी टू-वे, म्हणजे तोच दिवा कुठूनही लावता-विझवता येतो. सगळ्या पाइपांचे फोटो टेप धरून काढून ठेवावेत. पुढे ड्रिल मारताना तेच वाचवतात.

लादी सगळीकडे एकच, आणि मॅट. ओट्यापाशी सांधे इपॉक्सीने भरावेत, साध्या ग्राउटमध्ये हळदीचा डाग कायमचा बसतो. लॅमिनेटची लाकडी फरशी इथे नकोच. तिचा गाभा दाबलेल्या भुशाचा, पावसाळ्यात कडा फुगून वर येतात.

२० एप्रिल

बांगड्यांचा प्रश्न. रव्यात घोळवलेला बांगडा तव्यावर पडला की वास सोफ्यापर्यंत जाणारच. तो किती थांबवायचा ते चिमणीवर आहे, आणि चिमणी निवडताना लोक स्वयंपाकघराचं माप धरतात. मोकळ्या घरात पूर्ण हॉलचं धरावं लागतं. ३० फूट लांब, १४ फूट रुंद, साडेनऊ फूट उंच, म्हणजे ३,९९० घनफूट, साधारण ११३ घनमीटर. तासाला दहा वेळा हवा बदलायची म्हणून गुणिले दहा, ११३० घनमीटर. म्हणजे १२०० च्या खालची चिमणी बघूच नये. त्यातही खोक्यावरचा आकडा पाइप न जोडता मोजलेला. सहा इंची पाइप, जमेल तितका आखूड, दोनाहून जास्त वळणं नाहीत, आणि आतून गुळगुळीत. वळ्यावळ्यांच्या ॲल्युमिनियम पाइपात तेल साचतं. शेगडीपासून २६ ते ३० इंच उंची. पाइपाशिवायची, कोळशाच्या फिल्टरची चिमणी मासे तळणाऱ्या घरासाठी नाही. कोळसा लवकर भरतो आणि मग ती वास घरातच फिरवते.

वास न जाण्याचं अजून एक कारण क्वचितच लक्षात घेतलं जातं. चिमणी जेवढी हवा बाहेर टाकते तेवढी आत यायला हवी. एसी चालू, सगळी दारं-खिडक्या बंद असताना ती घोंघावते, ओढत मात्र नाही. हॉलच्या लांबच्या टोकाची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवावी, म्हणजे हवा बैठकीकडून ओट्याकडे वाहते. तवा ठेवायच्या पाच मिनिटं आधी चिमणी सुरू, तळण संपल्यावर पंधरा मिनिटांनी बंद. बाहेरचं तोंड नैर्ऋत्येला असेल तर पावसाळी वारा धूर परत ढकलतो. तिथे झडप आणि वर टोपी. ओट्यापासून जवळच्या खिडकीला जाड पडदा नको, चटकन धुता येईल असं सुती कापड किंवा बांबूची चटई बरी.

२६ एप्रिल

पंखे हॉलच्या भूमितीच्या मधोमध लावतात आणि मग खाली असते फक्त वाट. पंखा माणसं बसतात तिथे हवा: एक बैठकीवर, एक जेवणाकडे. १२०० मिमीचा पंखा साधारण १० बाय १२ फुटांना पुरतो. त्याचं पातं मध्यापासून दोन फूट जातं, म्हणून छतातले दिवे मध्यापासून निदान तीन फूट लांब. नाहीतर पातं उजेड कापत राहतं आणि डोकं दुखतं. टेबलावर लोंबता दिवा ३० ते ३२ इंच उंचीवर छान, पण पंख्याच्या वाऱ्याने तो झुलतो. साखळीऐवजी कडक दांडीचा घ्यावा. एका नजरेत दिसणाऱ्या जागेत दिव्यांचा रंग एकच ठेवावा असं माझं ठाम मत, सगळीकडे ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर. ओट्यावर पिवळट नको म्हणून पांढरे दिवे लावतात आणि अर्धा हॉल दवाखान्यासारखा दिसतो. ओट्याला रंग खरे दाखवणारी, सीआरआय ९० च्या वरची पट्टी कपाटाखाली लावली की चिरायला पुरेसा उजेड मिळतो.

एसीचं गणित सरळ आहे. दीड टन १५०-१८० चौरस फुटांना. ४२० चौरस फुटांचा हॉल त्याने गार होत नाही. दुसरा एसी घेण्याआधी छताला पडद्याचा ट्रॅक घेऊन बैठकीपुरता भाग तोडून बघावा. पडद्याचं कापड ट्रॅकच्या दुप्पट रुंद, जमिनीपासून अर्धा इंच वर. आखूड पडद्याखालून गार हवा निघून जाते.

२ मे

फॉल्स सीलिंग व्हायच्या आधी माटोळीचे हूक. माटोळी म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर फळं टांगायची लाकडी चौकट. चतुर्थी भाद्रपदात, पण तिचं काम आत्ताच. जुन्या घरात माटोळी वाश्यांना बांधायची. फ्लॅटमध्ये वर जिप्सम आणि पत्र्याच्या पट्ट्या. त्यांना केळीचा घड टांगला तर सीलिंगसकट खाली येईल. असोल्या नारळांची एक पेंडच १०-१५ किलोंची, केळीचा घड तेवढाच, वर सुपारीचे घोस, तोरिंजन, चिबूड, कवंडळं आणि खुद्द लाकडी चौकट. पन्नास किलो सहज होतात.

चौकटीच्या चार कोपऱ्यांवर स्लॅबमध्ये १० मिमीचे अँकर फास्टनर. भोक मारल्यावर आतली भुकटी फुंकून, ब्रशने साफ करायची. भुकटी राहिली की फास्टनर फिरतो, धरत नाही. सळई लागली तर जोर लावू नये, दोन इंच सरकावं. फास्टनरला आट्यांची लांब सळी, ती जिप्सममधून इंचभर खाली, टोकाला कडीचा नट. प्रत्येक कडीला एका माणसाने लोंबकळून बघायचं, तेही सीलिंग लागायच्या आधी. एरवी कडी काढून वर पांढरं टोपण.

जागा ठरवताना मूर्तीपुढे आठ बाय आठ फूट मोकळे मिळतील ना ते बघावं. त्यासाठी इंग्रजी एल आकाराचा जडशीळ सोफा नको. तीन-एक-एकचे सुटे भाग, पायांना नमदा लावलेले.

१४ मे

आता लाकूड. मेस्त, म्हणजे सुतार, विचारेल प्लाय कुठला, आणि स्वस्तातला सुचवेल. एमआर म्हणजे नुसता दमटपणा सोसणारा प्लाय, त्याचा डिंक सतत ओल लागली की सुटतो. गोव्यात आयएस ७१० चा शिक्का असलेला बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा, निदान ओट्याखाली आणि बाहेरच्या भिंतींना लागून. शिक्क्यावर विश्वास नसेल तर चार इंची तुकडा पातेल्यात दिवसभर उकळावा. थर सुटले तर माल परत.

चांगला प्लायसुद्धा पृष्ठभागातून मरत नाही, कापलेल्या कडेतून मरतो. सिंकसाठी पाडलेलं भोक, पल्ल्याची खालची कड, बिजागरीची भोकं. दिसणाऱ्या कडांना पट्टी लावतात आणि खालची उघडी सोडतात. लादीचं पाणी तिथूनच चढतं. सगळ्या कडा बंद करून घ्याव्यात. कपाट लाकडी पट्टीवर न बसवता चार इंची पायांवर उभं करावं. पल्ल्याला बाहेर लॅमिनेट असेल तर आतही हवं, नाहीतर एक बाजू ओल शोषते, दुसरी नाही, आणि ऑगस्टात पल्ला वाकतो. बिजागऱ्या आणि स्क्रू एसएस ३०४ या स्टेनलेस स्टीलचे. मिरामार-कोळव्यासारख्या किनाऱ्यावर त्यांनाही खाऱ्या हवेने तांबूस डाग पडतात, पण निकेलच्या मुलाम्यासारखे ते खात नाहीत.

नैर्ऋत्येच्या भिंतीला कपाट चिकटवू नये, अर्धा इंच हवा सोडावी. भिंत कोरडी आहे का ते कळायला दीड फुटी प्लास्टिक चारी कडांनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवायचं. आतून थेंब आले तर ओल भिंतीतच आहे. तिच्यावर पुट्टी, रंग, कपाट काहीही टिकणार नाही.

बैठकीसाठी सागाची किंवा फणसाची, वेताने विणलेली खुर्ची ही इथल्या हवेने पारखलेली वस्तू. पाठीला घाम येत नाही, बुरशी पुसता येते. विणकाम सैल पडलं तर खालच्या बाजूने ओलं फडकं रात्रभर लावून सावलीत सुकवावं, वेत आकसून पुन्हा ताणला जातो. चामड्याचा सोफा मात्र जुलैत पांढरा पडतो. काढून धुता येतील अशा सुती खोळी आणि ३२ घनतेच्या वरचा फोम. गालिच्याऐवजी सुती सतरंजी, सोफ्याचे पुढचे पाय तिच्यावर येतील एवढी मोठी. ती मिक्सरचा आणि बोलण्याचा घुमाराही पिते.

१२ जून

पाऊस लागला. सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीतली पाणी जायची भोकं पानांनी, मुंग्यांच्या मातीने बुजलेली असतात. दात कोरायच्या काडीने मोकळी करायची, नाहीतर पट्टी भरून पाणी थेट हॉलमध्ये, आणि भिंत नसल्याने ओट्यापर्यंत. एसी बंद करून लगेच गॅलरीचं दार उघडलं की गार फरशीला घाम सुटतो. तासभर थांबून उघडावं. लाकडी दार आता अडकेल. रंधा मारू नये, जानेवारीत तीच फट दोन बोटं दिसते. कडेला मेण घासावं.

भाद्रपद, चतुर्थीच्या आधीचा रविवार

टोपणं काढून कड्या फिरवायच्या, प्रत्येक कडी पुन्हा ओढून बघायची. चौकट आधी जमिनीवर बांधून दोरांची लांबी सारखी करायची. जड फळं कोपऱ्यांकडे, हलकी मध्ये. सोफ्याचे सुटे भाग जेवणाच्या टेबलाकडे, टेबल भिंतीला, सतरंजी गुंडाळून वर. देवापुढचा पंखा आरतीच्या वेळी बंद आणि जेवणाकडचा चालू, म्हणजे निरांजन विझत नाही आणि माणसांना वाराही लागतो. दोन्ही पंख्यांची बटणं वेगवेगळी घेतलेली असतील तर ते जमतं.